ब्रेक मावेल इतकी लहान, टायर ताठ बसेल इतकी रुंद: स्पोर्ट्स कारसाठी रिम-टायरचा साइज कसा ठरवावा

हँडलिंग सुधारायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आधी रिमच्या व्यासाकडे जातो. सतराची अठरा, अठराची एकोणीस. गाडी दिसायला बदलते हे खरं, पण वळणावर ती बऱ्याचदा आधीपेक्षा जड आणि आडमुठी होऊन बसते. ही चूक मीही केलेली आहे. एका हलक्या टू-सीटरला मी दोन इंच मोठ्या रिम चढवल्या होत्या, दिसायला देखण्या आणि उचलायला धोंडा. वर्षभराने जुन्या रिम परत लावल्या, तेव्हा कळलं की आपण पदरचे पैसे घालून गाडी बिघडवली होती.

हँडलिंगच्या दृष्टीने माझा क्रम असा आहे: आधी टायरचं रबर, मग टायरची रुंदी, मग रिमची रुंदी, मग ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते. व्यासाचा नंबर बराच मागे लागतो. आकडेमोडीसाठी २०१२ साली आलेली टोयोटा ८६ उदाहरणाला घेऊ, कारण तिचे आकडे सरळ आहेत आणि चारही चाकं सारखी आहेत. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील.

आधी आहे ते लिहून काढा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर कंपनीने ठरवलेला टायरचा साइज आणि हवेचा दाब छापलेला असतो. रिमची माहिती रिमवरच कोरलेली असते, बहुधा मागच्या बाजूला किंवा स्पोकच्या पोटात, म्हणजे चाक काढावं लागतं. ८६ ची नोंद अशी होते: टायर २१५/४५ आर १७, रिम १७ × ७ जे, ऑफसेट ईटी ४८, पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५ × १००, सेंटर बोअर (रिमच्या मधलं भोक) ५६.१ मिमी, स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) १२ × १.२५.

२१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ हा टक्का आहे. साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे ९६.७५ मिमी. १७ हा रिमचा व्यास इंचात. ७ जे म्हणजे रिम सात इंच रुंद, पण ती रुंदी टायर जिथे बसतो तिथे आतून मोजलेली असते. बाहेरच्या कडा धरल्या तर रिम साधारण एक इंच जास्त भरते. जागा मोजताना हे विसरलं की टेप खोटं बोलतो.

चाक काढलेलंच आहे तर टायरसकट वजनही करून घ्या, घरातला वजनकाटा चालतो. नवीन रिम हलकी की जड हे विकणारा सांगेलच, पण तुलनेला आकडा तुमच्याकडे हवा.

शेवटी, गाडीबद्दलची तक्रार एका वाक्यात लिहा. वळणात शिरतानाच ती पुढून बाहेर जाते? नीट शिरते, पण गॅस दिला की मागून सुटते? की स्टिअरिंग वळवल्यावर क्षणभर काहीच घडत नाही आणि मग गाडी जागी होते? या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि रिमचा व्यास वाढवणं हा त्यातल्या एकाचाही पहिला उपाय नाही.

साइज तोच, टायर चांगला

८६ कारखान्यातून मिशलँ प्रायमसी एचपी टायरवर यायची. हा शांत, टिकाऊ, टूरिंग धाटणीचा टायर प्रियसच्या काही आवृत्त्यांवरही असायचा. कमी वेगातही गाडी खेळकर वाटावी म्हणून ग्रिप मुद्दाम माफक ठेवलेली होती. अशा गाडीवर त्याच २१५/४५ आर १७ मध्ये चांगला समर परफॉर्मन्स टायर घातला, तर जो फरक पडतो तो एक-दोन इंचांनी व्यास वाढवून पडत नाही. म्हणून रिमवर खर्च करण्याआधी एक संच टायर या मार्गाने वापरून पाहा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

अमेरिकन बाजारासाठीच्या टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा असतो. ढोबळमानाने २०० च्या आसपासचा टायर चिकट आणि लवकर झिजणारा, ५०० च्या पुढचा टिकाऊ आणि कमी पकडीचा. चाचणी प्रत्येक कंपनी आपली आपण करते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. तारीखही बघा. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाच्या शेवटी चार अंक असतात; २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं गोदामात पडून राहिलेला भारी टायर स्वस्तात मिळतो. तो का स्वस्त आहे हे पहिल्या ओल्या वळणावर समजतं.

टायर किती रुंद?

रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर लागतं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. टायर रस्त्याला किती क्षेत्रफळाने टेकतो हे मुख्यतः त्यावरचं वजन आणि आतली हवा ठरवते. दोन्ही तेच ठेवून टायर रुंद केला, तर टेकणारा ठसा आडवा वाढतो आणि लांबीने कमी होतो. एकूण क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. आकार बदलतो, आणि वळणावर त्याचाच उपयोग होतो. आखूड-रुंद ठसा असलेला टायर कमी स्लिप अँगलमध्ये तेवढंच आडवं बळ देतो. स्लिप अँगल म्हणजे चाकाचं तोंड जिकडे आहे आणि चाक प्रत्यक्षात जिकडे जातं, त्या दोन दिशांमधला कोन. तो लहान राहिला की स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळतं. शिवाय उष्णता जास्त रबरात वाटली जाते, त्यामुळे ट्रॅकवर टायर उशिरा तापून बसतो.

यातला तोटाही तिथूनच येतो. हलक्या गाडीचा रुंद टायर रोजच्या रस्त्यावर तापतच नाही, आणि थंड रबर पकडत नाही. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. रस्त्यातल्या चाकोऱ्यांमागे तो गाडी ओढत नेतो. वजन आणि हवेचा अडथळा वाढतो तो वेगळाच.

त्यामुळे रुंदी वजनाच्या आणि वापराच्या मापाने घ्यायची. १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ कारखान्यातून १८५/६० आर १४ टायरवर यायची. टनाच्या आतबाहेरच्या त्या गाडीला १९५ किंवा २०५ भरपूर होतात. साधारण १२५० किलोच्या ८६ ला रस्त्यासाठी २१५ किंवा २२५, आणि ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याला २४५ पर्यंत. दीड टनाच्या, ४०० अश्वशक्तीच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे मागच्या टायरची रुंदी इंजिन ठरवतं. रस्त्यासाठी एका वेळी एक पायरी, म्हणजे १० मिमी, हा माझा नियम आहे. वीस मिमीची उडी मारायची असेल तर त्यासाठी सस्पेन्शन आणि कँबरमध्येही (चाकाचा आत-बाहेरचा कल) हात घालायची तयारी हवी.

रिमची रुंदी: सगळ्यात दुर्लक्षित आकडा

स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर थांबून वळते, ही तक्रार असेल तर उत्तर बऱ्याचदा इथे असतं. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की साइडवॉल दोन्ही बाजूंनी फुगतो. वळणावर आधी हा फुगा आडवा लोळतो, मग ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराला, बातमी पोचते. तोच टायर अर्धा इंच रुंद रिमवर ठेवा. साइडवॉल उभा राहतो, ट्रेड सपाट टेकतो आणि गाडीचं नाक हाताबरोबर वळतं. टायर तोच, हवा तीच, तरी गाडी वेगळी वाटते.

प्रत्येक टायरच्या साइजला रिमच्या रुंदीची मान्य मर्यादा असते आणि मोजमापासाठी एक प्रमाण रिम असते. टायर कंपनीच्या तक्त्यात हे दोन्ही दिलेलं असतं. काही नेहमीचे साइज:

२०५/५५ आर १६: साडेपाच ते साडेसात इंच, प्रमाण साडेसहा
२१५/४५ आर १७: सात ते आठ, प्रमाण सात
२२५/४५ आर १७: सात ते साडेआठ, प्रमाण साडेसात
२४५/४० आर १८: आठ ते साडेनऊ, प्रमाण साडेआठ

हँडलिंगसाठी प्रमाण रिमपेक्षा अर्धा इंच जास्त, हे सोयीचं गणित आहे. २२५/४५ आर १७ असेल तर आठ इंच. मर्यादेच्या वरच्या टोकाला जाता येतं, पण मग रिमची कडा टायरच्या बाहेर डोकावू लागते आणि पहिला खड्डा किंवा फूटपाथ थेट धातूला भेटतो. मर्यादा ओलांडून टायर ताणून बसवणाऱ्यांचा एक पंथ आहे. दिसण्याचा शौक म्हणून ज्याचा तो मुखत्यार, पण ताणलेला टायर कमी हवेत आणि जोरदार वळणात रिमवरून सुटू शकतो. हँडलिंगशी त्याचा संबंध नाही.

अर्धा इंच रिम वाढली की टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारण ५ मिमीने वाढते. म्हणजे २२५ चा टायर आठ इंची रिमवर २३० च्या आसपास भरतो. पुढे ऑफसेटच्या हिशेबात हा आकडा लागेल.

व्यास: ब्रेक मावला की पुरे

मोठी रिम हवी याचं एकच तांत्रिक कारण पटण्यासारखं आहे: आत मोठा ब्रेक बसवायचा आहे. व्यास वाढला की रिमचं वजन वाढतं आणि ते केंद्रापासून दूर सरकतं. फिरणारं वजन जितकं दूर, तितकं ते फिरवायला आणि थांबवायला जड. त्यात चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं. उंचवट्यावर आदळून उडालेलं जड चाक परत रस्त्याला टेकायला जास्त वेळ घेतं, आणि हवेत असलेला टायर वळवत नाही. जपानच्या रेज कंपनीची टीई३७ ही फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेली) रिम १९९६ मध्ये आली, तिच्या नावातले ३ आणि ७ हे १५ इंची रिमच्या ३.७ किलो वजनावरून घेतलेले आहेत. शर्यतीच्या मंडळींना त्या नावात व्यासापेक्षा वजनाचं कौतुक करावंसं वाटलं, ते उगाच नाही.

लहान साइडवॉलने स्टिअरिंग तल्लख होतं हे मान्य. पण त्यातला बराचसा तल्लखपणा रुंद रिमने मिळतो, आणि खड्ड्यात रिम वाकण्याची किंमत मोजावी लागत नाही. सतरामध्ये चांगले टायर मिळत असतील तर सतराच.

व्यास बदलो वा न बदलो, टायरसकट चाकाची एकूण उंची मूळच्या जवळ हवी. ८६ चं गणित: दोन साइडवॉल १९३.५, त्यात १७ इंचांचे ४३१.८, एकूण ६२५.३ मिमी. आता पर्याय:

२२५/४५ आर १७: ६३४.३ मिमी, १.४ टक्के जास्त
२४५/४० आर १७: ६२७.८ मिमी, ०.४ टक्के जास्त
२१५/४० आर १८: ६२९.२ मिमी, ०.६ टक्के जास्त
२२५/४० आर १८: ६३७.२ मिमी, १.९ टक्के जास्त

दोन टक्क्यांच्या आत मी निर्धास्त असतो, तीन ही माझी शेवटची रेघ. उंच चाक म्हणजे गिअरिंग लांब, पिकअप थोडा मंद आणि गाडी तेवढी वर. ठेंगणं चाक याच्या उलट. स्पीडोमीटरचंही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. उंच टायर त्याला नेमकं तेच करायला लावू शकतो. गाडी जिथे नोंदलेली आहे तिथे साइज बदलाला मान्यता लागते का, आणि विमा कंपनी काय म्हणते, हेही रिम घेण्याआधी विचारा.

ऑफसेट, आणि इथे घाई नको

रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ आहे असं समजा. गाडीच्या हबला (चाक ज्यावर आवळतात तो भाग) टेकणारा रिमचा पृष्ठभाग त्या रेघेपासून बाहेरच्या बाजूला जितके मिलिमीटर, तितका धन ऑफसेट. आकडा कमी केला की चाक बाहेर येतं, वाढवला की आत जातं. रिम रुंद करताना ती दोन्हीकडे वाढते, म्हणून नुसता ऑफसेट बघून चालत नाही.

८६ ची मूळ सात इंची रिम घ्या. निम्मी रुंदी ८८.९ मिमी. हबपासून आत १३६.९ (८८.९ अधिक ४८), बाहेर ४०.९ (८८.९ वजा ४८). आता १७ × ८, ईटी ४५. निम्मी रुंदी १०१.६, म्हणून आत १४६.६ आणि बाहेर ५६.६. म्हणजे रिम सस्पेन्शनकडे ९.७ मिमी सरकली आणि फेंडरकडे १५.७. टायरचा हिशेब वेगळा: २१५ च्या जागी २२५ चा घेतला, तो आठ इंची रिमवर भरतो २३०, दोन्हीकडे साडेसात मिमी वाढ, पण चाकच ३ मिमी बाहेर आलं. त्यामुळे टायर आत साडेचार आणि बाहेर साडेदहा मिमी वाढला. दोन्ही हिशेब करा आणि जो आकडा जास्त, तो धरा.

हेच १७ × ९, ईटी ४५ ला केलं तर आत २२.४ आणि बाहेर २८.४ मिमी निघतात. आत २२ म्हणजे पुढच्या स्ट्रटच्या (सस्पेन्शनचा उभा खांब) अंगाला भिडणं. अशा वेळी लोक पुढे जास्त निगेटिव्ह कँबर देतात, फेंडरची आतली कड दुमडतात, स्पेसर (हब आणि रिममधली चकती) लावतात. ट्रॅकच्या गाडीला ठीक. रोजच्या गाडीला मी हे टाळतो.

ऑफसेटचा स्टिअरिंगवरही परिणाम होतो, तो फोटोत दिसत नाही. स्टिअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे भेटतो, ते ठिकाण आणि टायरच्या ठशाचा मध्य यांतल्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. कंपनीने ते विचारपूर्वक ठेवलेलं असतं. चाक २० मिमी बाहेर काढलं की प्रत्येक खड्डा आणि ब्रेकचा प्रत्येक झटका स्टिअरिंगमध्ये जास्त जाणवतो. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर गॅस दिल्यावर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. बेअरिंगवरचा ताण वाढतो तोही आहेच. ऑफसेटमधला फरक रस्त्याच्या गाडीला १० मिमीच्या आत ठेवावा.

कागदावरचं गणित झालं की गाडीखाली जा. मूळ टायर आणि स्ट्रट यांच्यात मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा हलका दाबून धरा, काढा आणि त्याची जाडी मोजा. हीच तुमच्याकडची खरी जागा. त्यातून नवी वाढ वजा करून निदान ४-५ मिमी उरायला हवेत. बाहेरच्या बाजूला फेंडरवरून ओळंबा सोडा. हे मापन गाडी चाकांवर उभी असताना करायचं. जॅकवर चाक लोंबकळतं आणि सगळी जागा भरपूर वाटते. ब्रेक कॅलिपरसाठी मात्र व्यासापुरतं मोजून भागत नाही. स्पोकचा आतला बाक कॅलिपरच्या तोंडावर येतो का, हे त्याच रिमच्या साच्यावर किंवा प्रत्यक्ष लावून बघावं लागतं.

चारही सारखे, की मागे रुंद?

होंडा एस२००० चा दाखला बोलका आहे. १९९९ ची गाडी पुढे २०५/५५ आर १६ आणि मागे २२५/५० आर १६ वर यायची. मागून अचानक सुटण्याबद्दल तिची ख्याती होती. २००४ च्या सुधारित गाडीत पुढे २१५/४५ आर १७ आणि मागे २४५/४० आर १७ आले. पुढच्या-मागच्या रुंदीतला फरक वीसवरून तीस मिमी झाला, सस्पेन्शनही बदललं, आणि गाडी समजूतदार झाली. मागचा टायर तुलनेने रुंद केला की गाडी अंडरस्टिअरकडे, म्हणजे वळणात पुढून बाहेर जाण्याकडे, झुकते. कंपन्यांना हे आवडतं, कारण घाबरलेला चालक पाय उचलतो आणि पुढून घसरणारी गाडी त्याने सावरते.

म्हणून तक्रार बघा. गाडी पुढून बाहेर जाते आणि मागे रुंद टायर आहेत, तर पुढची रुंदी वाढवून फरक कमी करा. आधीच चारही सारखे असलेल्या हलक्या गाडीला मागे रुंद टायर लावणं हे मला कधीच पटलेलं नाही. तोल बिघडतो आणि टायर पुढे-मागे फिरवून झीज सारखी करण्याची सोय जाते. उलट, भरपूर ताकदीच्या रिअर व्हील ड्राइव्ह गाडीचे मागचे टायर केवळ तोलासाठी अरुंद करू नका. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या उंचीचं मूळ गुणोत्तर तंतोतंत राखा, नाहीतर मधला क्लच किंवा डिफरन्शियल सतत राबत राहतं आणि तापतं.

भार, वेग आणि बसवणं

टायरवर साइजपुढे ९१ डब्ल्यू असं काहीतरी असतं. ९१ म्हणजे एका टायरची क्षमता ६१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ९४ म्हणजे ६७०. अक्षर वेगाचं: व्ही ताशी २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किमी. भाराचा आकडा मूळच्या खाली कधी जाऊ देऊ नका. एक्सएल लिहिलेला टायर जास्त भार पेलतो, पण त्यासाठी हवाही जास्त मागतो. एक्सएल आहे म्हणून निर्धास्त होऊन जुन्याच दाबावर चालवलं तर तो फायदा मिळत नाही.

नवीन रिमचं सेंटर बोअर हबपेक्षा मोठं असेल तर मापाची रिंग घाला, नाहीतर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बिचाऱ्या बॅलन्सिंगवाल्याला दोष देतात. नटचा बसण्याचा आकार रिमशी जुळायला हवा. बाजारातल्या बहुतेक रिमना शंकूसारखा नट लागतो, होंडाच्या मूळ रिमना गोलाकार. चुकीचा नट घट्ट वाटतो आणि सुटतो. टॉर्क रेंचने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पहिल्या फेरीआधी दोन धडधाकट मित्र मागे बसवा, स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश उंचवट्यावरून जा आणि कान द्या. घासल्याची चकाकी आतल्या प्लॅस्टिकवर दिसेल. मग अलाइनमेंट. रुंदी किंवा ऑफसेट बदलल्यावर जुने आकडे तसेच ठेवू नका. विशेषतः टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बघून घ्या, कारण रुंद टायर चुकीच्या टोने आतल्या कडेला गुपचूप संपतो.

हवा स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरू करा. टायर दहा अंश तापला की दाब साधारण दोन पीएसआयने चढतो, म्हणून मोजायचं ते थंड असताना. ट्रॅकवर जाणार असाल तर गरम असतानाचाही दाब टिपून ठेवा. साइडवॉलपासून ट्रेडच्या कडेवर खडूने रेघा ओढा आणि जोरात काही वळणं घ्या. खडू साइडवॉलवर खालपर्यंत पुसला गेला तर हवा कमी आहे, दोन पीएसआय वाढवा. ट्रेडच्या कडेलाही तसाच राहिला तर हवा जास्त आहे. पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे वेगवेगळे निघतील, ते तसेच वहीत लिहा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.